घरपट्टी मुंबईतून, ग्रामसभा गावात

1991 नंतरच्या आर्थिक सुधारणा म्हटलं की परवाने, आयातशुल्क आणि परकी गुंतवणूक एवढ्यावरच बोलणं होतं. कोकणातल्या माणसाला फार तर दाभोळचा वीज प्रकल्प आठवतो, नाहीतर रायगडमधलं विशेष आर्थिक क्षेत्र, ज्याच्यावर सप्टेंबर 2008 मध्ये पेण तालुक्यातल्या 22 गावांत जनमत घेतलं गेलं. ही प्रकरणं गाजली. त्याच काळात गावकारभारात एक बदल मात्र गाजावाजा न होता झाला. गावाला पैसा कुठून येतो, कोणत्या अटींवर येतो आणि त्याचा हिशोब कुणापुढे मांडावा लागतो, हे सगळंच पालटलं.

24 एप्रिल 1993 ला 73वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय अकराव्या अनुसूचीत आले, पण त्यामागून पैसा लगेच आला नाही. वाडीला पाखाडी (पायऱ्यांची दगडी वाट) हवी किंवा वहाळावर साकव (छोटा पूल) हवा, तर सरपंचाने पंचायत समितीचे उंबरठे झिजवायचे, जिल्हा परिषद सदस्याला गाठायचं, आमदाराचं पत्र मिळवायचं, हीच रीत राहिली. केंद्राचा पैसा राज्यांना आणि पंचायतींना कसा वाटायचा हे सुचवणाऱ्या चौदाव्या वित्त आयोगाने (2015 ते 2020) ती मोडली. देशभरातल्या ग्रामपंचायतींना पाच वर्षांसाठी सुमारे 2 लाख कोटी रुपये ठरले आणि ते मधल्या दोन थरांना वगळून गावाच्या खात्यावर आले. पंधराव्या आयोगाने ते थर परत आणले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला 80 टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी 10 टक्के अशी वाटणी झाली. तरीही मोठा वाटा गावाकडेच राहिला, आणि तो कुणाच्या मर्जीने नव्हे तर सूत्राने मिळू लागला. ही सुधारणा मला मोलाची वाटते. सूत्रापुढे हात जोडावे लागत नाहीत.

पण सूत्राला डोंगर दिसत नाहीत. या दोन्ही आयोगांच्या अनुदानाच्या वाटपात सर्वांत जड वजन लोकसंख्येला होतं, आणि तीही 2011 च्या जनगणनेतली. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर. माणसं कमी झाली म्हणून गाव लहान झालं नाही. आठशे वस्तीचं गाव सहा वाड्यांत पसरलेलं असतं, एक वाडी खाडीकाठी तर दुसरी सड्यावर. देशावरच्या एका दाट गावठाणाला जेवढी पाइपलाइन पुरते, तिच्या कितीतरी पट लांबी इथे लागते. माणशी खर्च वाढतो, माणशी अनुदान मात्र तेवढंच राहतं.

त्यात पैशाला बंधनं आहेत. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 साठी 60 टक्के निधी बंधित ठेवला: त्यातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. समजा, गावाला वर्षाला 8 लाख रुपये मिळाले. त्यातले 2 लाख 40 हजार पाण्याचे, तेवढेच स्वच्छतेचे आणि 3 लाख 20 हजार गावाच्या मर्जीचे. या मर्जीच्या रकमेतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नाही. पाण्याच्या योजना इथेच अडतात. आठशे माणसांना जलजीवन मिशनच्या निकषाने रोज माणशी 55 लिटर द्यायचे तर 44,000 लिटर पाणी वर चढवावं लागतं. टाकी बंधित निधीतून उभी राहते. पण रोज पंप चालू करणारा, खालच्या वाडीचा व्हॉल्व्ह बंद करून वरच्या वाडीला पाणी सोडणारा माणूस आस्थापनेत धरला गेला, की त्याचा पगार पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनच काढावा लागतो. तो दोन महिने थकला की व्हॉल्व्ह कायम उघडा राहतो आणि पाणी उताराने खालच्या वाडीत जातं. वरची वाडी म्हणते योजना फसली. योजना धड असते, ती चालवणारा हात गेलेला असतो.

दुसरी चूक उगमाची. जांभा दगड पावसाचं पाणी झपाट्याने खाली सोडून देतो, म्हणून तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये विहीर तळ गाठते. विहिरीचं पाणी मोजायचं तर एप्रिल-मेमध्येच मोजावं. अंदाजपत्रकासाठी ऑक्टोबरमधली पातळी धरली, तर मार्चमध्ये बांधलेली टाकी मेमध्ये कोरडी दिसते.

आता हिशोबाचं. अनुदान खर्च करायचं तर काम आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात हवं. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने शिवारफेरी, महिला सभा, बालसभा, वंचितांची सभा आणि मग ग्रामसभा असा क्रम ठरलेला आहे. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीवर चढतो. काम झालं की जिओटॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो, मग देयक. पैसे सोडायला ग्रामसेवक (हल्लीचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्यामुळे रोखीचे गैरव्यवहार अवघड झाले, आणि कोणत्या गावाने कशावर किती खर्च केला हे कुणालाही मोबाइलवर पाहता येतं. अडचण वेगळीच आहे. सरपंच बदलला किंवा सहीच्या प्रमाणपत्राची मुदत संपली की देयकं तटतात. कोकणात जून ते सप्टेंबर बांधकाम बंद असतं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेनंतर अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता यांत जानेवारी उजाडला, तर हाती चार महिने उरतात. त्यातला एक सहीच्या अडचणीत गेला की कंत्राटदार पावसाच्या तोंडावर काँक्रीट ओततो, आणि श्रावणात पाखाडी उखडते.

या सगळ्या धावपळीत पंचायतीचं तोंड कुणाकडे असतं? प्रणालीकडे. लेखे वेळेत चढवले नाहीत तर पुढचा हप्ता अडकतो, म्हणून ते चढवले जातात. वाडीतल्या आजीला हिशोब सांगितला नाही तर काहीच अडकत नाही.

इथे घरपट्टी येते. पंचायत आणि नागरिक यांच्यात पैशाचा थेट व्यवहार होतो तो घरपट्टी-पाणीपट्टीतून. डिसेंबर 2015 च्या नियमांनी घरपट्टी भांडवली मूल्यावर आणली. गणित असं: क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जुनं झाल्याने किंमत घटवणारा गुणक), या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचं आणि हजारी दराने कर काढायचा. समजा घर 60 चौरस मीटर, जमीन 700 रुपये, बांधकाम 15,000 रुपये चौरस मीटर, घसाऱ्याचा गुणक 0.70. जमिनीचे 42 हजार, बांधकामाचे 6 लाख 30 हजार, एकूण 6 लाख 72 हजार. राहत्या घराचा भारांक 1. हजारी 1 रुपया 20 पैसे दर असला तर घरपट्टी 806 रुपये 40 पैसे. त्याच घराची पर्यटकांसाठी व्यापारी वापर अशी नोंद झाली तर भारांक 1.25, आणि घरपट्टी 1,008 रुपये. आपलं बिल आलं की हे आकडे मागून घ्यावेत. चूक बहुधा क्षेत्रफळात किंवा घसाऱ्यात सापडते: पाडलेला गोठा अजून मोजलेला असतो, नाहीतर साठ वर्षांच्या मातीच्या घराला नव्या घराचा घसारा लावलेला असतो.

आठशे रुपयांच्या करातून पंचायत श्रीमंत होत नाही. पण कर भरणारा प्रश्न विचारतो, हा केवळ सद्भावनेचा दावा नाही. काँगोमधल्या कनांगा शहरात दारोदार मालमत्ता कर वसुलीची मोहीम काही वस्त्यांत राबवली, काहींत नाही, आणि दोन्हींची तुलना केली. जोनाथन वायगल यांचा हा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. वसुली झालेल्या वस्त्यांत सभांना जाण्याचं आणि सरकारच्या कामाबद्दल मत नोंदवण्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के बिंदूंनी जास्त निघालं. इंडोनेशियात लॉरा पेलर यांनी केलेल्या प्रयोगातही पैसा आपल्या करातून आल्याची जाणीव झालेले लोक कारभारावर अधिक नजर ठेवायला तयार दिसले.

कोकणात हा दुवा एका ठिकाणी तुटलेला आहे. घर गावात, घरपट्टी भरणारा लालबाग-परळ, विरार किंवा डोंबिवलीत, आणि त्याचं नाव तिथल्याच मतदार यादीत. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावचा मतदार. त्यामुळे बऱ्याच घरांचा कर भरणाऱ्याला ठरावावर हात वर करता येत नाही, आणि हात वर करणाऱ्यातल्या कित्येकांच्या नावावर घरच नसतं. त्यात नमुना 8, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, आजोबांचंच नाव असतं. सात-बारावर चुलत्या-पुतण्यांची पंचवीस नावं. बिल बंद दाराच्या कडीत खोचलं जातं आणि पावसात भिजतं. थकबाकी फुगते ती बहुतेकदा अशी. माणसं कर बुडवी आहेत म्हणून नाही.

याचा पुरावा त्याच माणसांच्या वर्गणीत आहे. मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ देवळाच्या जीर्णोद्धाराला किंवा शाळेच्या छपराला पैसे मागतं तेव्हा ते जमतात, कारण शिमग्याला सगळ्यांसमोर पै-पैचा हिशोब वाचला जातो. चाकरमानी जिथे हिशोब ऐकतो तिथे पैसे देतो.

कायद्यात ही सोय आहेच. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचे लेखे आणि लेखापरीक्षणाचा अहवाल ठेवावा लागतो. ती सभा 1 मेला घेतली तर मे महिन्याच्या सुट्टीत आलेलं निम्मं गाव हजर असतं. मत मतदारांचंच, पण हिशोबाचा तक्ता फलकावर लावायला आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. तक्त्यात दोन रकाने वेगळे हवेत: अनुदानातून झालेलं काम आणि घरपट्टीतून झालेलं काम. दुसऱ्या रकान्यात दिवाबत्ती, पंपचालकाचा पगार, आणि स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायचे 5 टक्के, महिला-बालकल्याणाचे 10 टक्के, मागासवर्गीयांचे 15 टक्के दिसले पाहिजेत. हे राखीव खर्च कागदावर पुढे ढकलले जाण्याची खोड जुनी आहे, आणि रकाना वेगळा काढला की ती लगेच उघडी पडते.

या सभेत बायकांची संख्या महत्त्वाची. 2011 मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या; गाव त्याच चालवतात. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी 2004 मध्ये दाखवलं, की महिला सरपंच असलेल्या पंचायतींचा खर्च बायकांनी मांडलेल्या गरजांकडे वळतो, आणि त्यात पिण्याचं पाणी पुढे असतं. म्हणून ग्रामसभेआधीची महिला सभा सह्यांपुरती उरकू नये. विहिरीला एप्रिलमध्ये किती हात पाणी असतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि तो आकडा इतिवृत्तात गेला की अंदाजपत्रकाला आधार मिळतो.

राहिली नावांची दुरुस्ती. घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते, यादी प्रसिद्ध होते आणि हरकती मागवल्या जातात. वारसांनी मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, एकमेकांची संमती आणि बिल कुणाच्या मोबाइलवर पाठवायचं याचा अर्ज त्या मुदतीत दिला तर काम सोपं जातं. नमुना 8 मधली नोंद मालकीचा पुरावा होत नाही, ती करापुरती असते. हे भावकीत आधी नीट सांगितलं तर संमतीच्या सह्या मिळायला वेळ लागत नाही.