सपुष्प वनस्पतींतील पाणी व अन्नद्रव्यांचे वहन

मुळांनी जमिनीतून घेतलेले पाणी व त्यात विरघळलेले क्षार पानांपर्यंत पोहोचणे आणि पानांत तयार झालेली साखर मुळे, शेंडे, फुले व फळे यांच्याकडे जाणे, या दोन्ही क्रिया मिळून वनस्पतींतील वहन होते. प्राण्यांसारखे हृदय येथे नाही आणि रक्तासारखा एकच द्रव गोल फिरत राहावा अशी सोयही नाही. पाणी प्रकाष्ठातून वर चढते. साखर परिकाष्ठातून, जिकडे मागणी असेल तिकडे जाते. शालेय पुस्तकांत यांनाच जलवाहिन्या व रसवाहिन्या म्हटले आहे. पाण्याच्या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात, साखरेच्या नळ्या जिवंत पेशींच्या. विषयाची किल्ली या एका फरकात आहे.

पाण्याची वाट डोळ्यांनी पाहायची तर पावसाळ्यात सह्याद्रीत माजणारा तेरडा सर्वांत सोयीचा. त्याचे खोड रसदार व अर्धपारदर्शक असते. रोप मुळासकट उपटून, माती धुऊन लाल शाईच्या पाण्यात उभे केले, तर काही वेळाने खोडातून वर चढणाऱ्या लाल रेघा बाहेरूनच दिसू लागतात. मग खोड आडवे कापावे. रंग सगळीकडे पसरलेला नसतो. कडेने वर्तुळात मांडलेल्या ठिपक्यांपुरताच असतो. हे ठिपके म्हणजे वाहक वृंद, म्हणजे प्रकाष्ठ व परिकाष्ठाच्या नळ्यांच्या जुड्या. तेरड्यासारख्या द्विदल वनस्पतींत ते असे कड्यात असतात, तर ऊस, मका, माड या एकदलांत खोडभर विखुरलेले.

पाणी आत येते ते मुख्यतः मुळांच्या टोकाजवळच्या मूलरोमांतून, परासरणाने. पुढे ते पेशींच्या आतून किंवा पेशीभित्तींमधल्या फटींतून सरकते. दुसरी वाट सोपी, पण ती अंतस्त्वचा या मुळाच्या आतल्या थरापाशी अडते. तेथील प्रत्येक पेशीभोवती पाणी झिरपू न देणारी पट्टी असते. रॉबर्ट कास्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. येथे पाणी व क्षार सर्वांनाच पेशीच्या पटलातून जावे लागते आणि पटल निवड करते. नायट्रेट, पोटॅशियम, फॉस्फेट यांचे प्रमाण मातीपेक्षा मुळात जास्त असते, म्हणून ते ऊर्जा खर्चून आत ओढावे लागतात. ऊर्जेसाठी श्वसन हवे, श्वसनासाठी मातीत हवा. विदर्भात मोठ्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस होऊन वावरात पाणी साचले आणि वर कडक ऊन पडले, की पऱ्हाटी (कपाशी) पाण्यात उभी असून माना टाकते. तिला पाणी कमी पडलेले नसते, मुळे गुदमरलेली असतात. कृषी साहित्यात या प्रकाराला आकस्मिक मर म्हणतात.

पाणी वर कसे चढते, हा या विषयातला सर्वांत जुना वाद. मुळे क्षार ओढून घेतात तेव्हा मागोमाग पाणी येते आणि खालून रेटा निर्माण होतो, हा मूलदाब. सकाळी अळूच्या पानाच्या टोकावर जो थेंब लोंबत असतो, त्याला पुष्कळजण दव समजतात. तो बहुधा आतून बाहेर आलेला असतो. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने द्राक्षवेल छाटून खुंटावर काचेची नळी बसवली व नळीत चढणारा रस मोजला. त्याचे हे प्रयोग 1727 मध्ये प्रसिद्ध झाले. पण मूलदाब मुख्यतः रात्री, हवा दमट असताना जाणवतो. पाण्याची मागणी सर्वाधिक असते त्या भर दुपारी त्याचा जवळजवळ पत्ताच नसतो. केशाकर्षण, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप चढणे, हेही फार दूर नेत नाही. वरून पोकळी करून पाणी खेचावे म्हटले, तर हवेच्या दाबावर ते सुमारे 10 मीटरच चढेल. विहिरीवर बसवलेल्या पंपालाही हीच मर्यादा असते. आणि मलेशियातील सबाहच्या अरण्यातला ‘मेनारा’ हा शोरिया जातीचा वृक्ष 100 मीटरहून उंच आहे.

खोडातल्या जिवंत पेशी पाणी उपसत असतील, ही शंका जर्मनीतील बॉनच्या एदुआर्द स्ट्रासबुर्गर यांनी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीस विष वापरून तपासली. तोडलेल्या उंच झाडांचे बुंधे त्यांनी विषारी द्रावणात ठेवले. वाटेतल्या पेशी मरत गेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिले. थांबले ते पाने मेल्यावर. म्हणजे ओढणारी पाने होती.

डब्लिनचे हेन्री डिक्सन व जॉन जोली यांनी 1894 मध्ये याची उपपत्ती मांडली. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते (बाष्पोच्छ्वास), तसे पानातल्या पेशीभित्तींवरचे पाणी कमी होते आणि त्यामागचे पाणी ओढले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की ही ओढ अखंड दोरीसारखी मुळापर्यंत पोहोचते. दोरी ओढणारे बळ सूर्याच्या उष्णतेचे, वनस्पतीची पदरची ऊर्जा त्यात जवळजवळ लागत नाही. मात्र घेतलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक वाफ होऊन जाते. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी रंध्रे उघडी ठेवावीच लागतात, त्याची ही किंमत.

ताणलेली दोरी तुटू शकते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की ती नळी निकामी होते. गुलछडीच्या दांड्या फुलदाणीत ठेवण्यापूर्वी पाण्याखाली धरून पुन्हा कापाव्यात असे सांगतात, ते याचसाठी.

जगदीशचंद्र बोस यांना हे सारे पटले नव्हते. मुळांच्या व खोडाच्या आतल्या थरातील जिवंत पेशी स्पंदन पावून रस वर ढकलतात, असे त्यांनी 1923 च्या ग्रंथात मांडले. शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. बोसांच्या नावाभोवतीच्या आदरापोटी मराठीत अजूनही हे मत सिद्ध झाल्यासारखे लिहिले जाते, ते बरोबर नाही.

साखरेचा प्रवास उलट्या तत्त्वावर चालतो: तेथे ओढ नाही, दाब आहे. परिकाष्ठातील चाळणी नलिकांच्या पेशी जिवंत असतात, पण त्यांत केंद्रक नसते. शेजारच्या सहपेशी त्यांचा संसार सांभाळतात. पानात सुक्रोज या नलिकांत भरले जाते, त्यामागे शेजारच्या प्रकाष्ठातून पाणी शिरते आणि दाब वाढतो. मूळ किंवा फळ साखर काढून घेते, तेथे दाब उतरतो. या फरकामुळे रस तासाला साधारण अर्धा ते एक मीटर वेगाने वाहतो. ही कल्पना जर्मनीच्या अर्न्स्ट म्युंख यांनी 1930 मध्ये पूर्णपणे मांडली. दाबाचा पुरावा मावा ही रस शोषणारी कीड देते. त्याची सोंड चाळणी नलिकेत रुतलेली असताना किडा कापून काढला, तरी सोंडेच्या तुटक्या नळीतून रस गळतच राहतो. माव्याला ओढायची फारशी गरजच नसते. उलट इतकी साखर अंगात घुसते, की जास्तीची तो टाकून देतो. पिकावर पडणारा चिकटा तो हाच.

साल गोल काढली तर काय होते, हे सतराव्या शतकात इटलीत मार्चेल्लो माल्पीगी यांनी पाहिले होते: कापाच्या वरची बाजू फुगते, कारण सालीबरोबर परिकाष्ठ जाते आणि साखर वरच अडते. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार हेच हिशेबाने करतात. मणी लहान असतानाच खोडाची काही मिलिमीटर रुंद साल कड्यासारखी काढतात. त्याला ते गर्डलिंग म्हणतात. मुळांकडे जाणारी साखर काही आठवडे घडांकडे वळते व मणी फुगतात. मग जखम भरून येते. चाकू लाकडात खोल गेला, तर मात्र पाणीही तुटते. कडे भरून आलेच नाही, तर मुळे उपाशी मरतात आणि मग वेल.

माडाला असे गर्डलिंग करता येत नाही, कारण त्याचे वृंद खोडभर पसरलेले. पण परिकाष्ठातला रस हाती घ्यायची रीत कोकण-गोव्यात जुनी आहे. न उमललेली पोय (माडाचा फुलोरा) बांधून, हलके ठोकून, टोक तासून त्याखाली मडके अडकवतात. गोव्यात हे काम रेंदेर करतो. थेंबथेंब जमतो तो सुक्रोजने गोड रस नीरा, आंबला की माडी किंवा सूर. कापाचे तोंड बुजते, म्हणून ते रोज पातळ तासावे लागते. माडाचे खोड जाड होत जात नाही, नवे वृंद तयार होत नाहीत. त्यामुळे बुंध्यातल्या चाळणी नलिकांच्या बिनकेंद्रकाच्या पेशींना कित्येक दशके काम करावे लागते. जिवंत पेशींत हे नवलच.

क्षार प्रकाष्ठातून वर येतात, पण नंतरची त्यांची चाल वेगवेगळी. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) व मॅग्नेशियम परिकाष्ठातून पुन्हा हलू शकतात. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देते, म्हणून आधी खालची पाने पिवळी पडतात. लोह सहज हलत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडून उसावर केवडा (पाने पिवळी पडण्याची विकृती) पडतो तो कोवळ्या पानांवर: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा-पांढरा. कॅल्शियम तर जवळजवळ पाण्याबरोबरच जाते. टोमॅटोच्या फळातून वाफ फारशी निघत नाही, त्यामुळे पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या की जमिनीत कॅल्शियम असूनही फळाच्या बुडाला काळा खोलगट डाग पडतो.

तुरीवरील मर रोगात ही वाटच बुजते. फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरून प्रकाष्ठाच्या नळ्या भरते. जमिनीत ओल असते, मुळे वरून धड दिसतात, शेंगा भरायच्या वेळी झाड वाळते. असे खोड उभे चिरले, की आत मुळाकडून वर गेलेल्या काळपट रेघा दिसतात, तेरड्यातल्या लाल रेघा असतात त्याच जागी.