स्टीफन हॉपकिन्स नेमका कोणता? मेफ्लॉवरवरील एका प्रवाशाच्या ओळखीची पार्श्वभूमी

सन १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अटलांटिक ओलांडून आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या १०२ प्रवाशांपैकी कोणीतरी आपला मूळ पुरुष आहे, असे सांगणारी कुटुंबे अमेरिकेत फार मोठ्या संख्येने आहेत. या प्रवाशांच्या वंशजांची संस्था १८९७ मध्ये स्थापन झाली. सभासद करून घेण्यापूर्वी ती प्रत्येक पिढीच्या नात्याचा कागदोपत्री पुरावा मागते, आणि त्यामुळे अमेरिकेतील पिढ्यांचा माग बऱ्यापैकी खात्रीने लागतो. खरी अडचण असते ती त्यामागच्या इंग्लंडातील पिढीची. त्या काळी तेथे स्टीफन, जॉन, थॉमस, विल्यम अशी मोजकीच नावे घरोघरी ठेवली जात, आणि नोंदवहीत नाव व आडनाव यांच्यामध्ये आपल्याप्रमाणे वडिलांचे नाव लिहिण्याची रीत नव्हती. त्यामुळे एकाच नावाची चार-पाच माणसे समोर आली की त्यांतला आपला कोणता, हे नावावरून ठरवता येत नाही. मेफ्लॉवरवरील स्टीफन हॉपकिन्स हे याचे सर्वांत बोधक उदाहरण म्हणता येईल, कारण त्याच्या जन्मगावाविषयीचा जुना समज अनेक दशके टिकला आणि विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस एका खेड्यातील चर्चच्या नोंदींनी तो मोडीत काढला.

या नावाची जी माणसे संशोधकासमोर उभी राहतात, त्यांतली दोन अमेरिकेतलीच आहेत. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ऱ्होड आयलंडचे स्टीफन हॉपकिन्स (१७०७–१७८५) यांना अनेक घरगुती वंशावळींत मेफ्लॉवरच्या हॉपकिन्सशी जोडलेले आढळते, पण ते प्रॉव्हिडन्स येथे स्थायिक झालेल्या थॉमस हॉपकिन्स यांचे पणतू होते आणि मेफ्लॉवरच्या कुटुंबाशी त्यांचा असा संबंध सिद्ध झालेला नाही. कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे जॉन हॉपकिन्सचा मुलगा स्टीफन होता, त्याचेही घराणे निराळे. या दोघांना बाजूला काढणे फारसे कठीण नाही. गुंतागुंत आहे ती इंग्लंडातील आणि अटलांटिकमधील बर्म्युडा बेटांवरील नामसाधर्म्याची.

अशा प्रसंगी आधी खुंटी पक्की ठोकावी लागते, म्हणजे ज्याच्याविषयी कोणतीच शंका नाही असा माणूस घेऊन त्याच्याभोवतीची माणसे नोंदवावी लागतात. मेफ्लॉवरच्या प्रवाशांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी सुमारे १६५१ मध्ये मेफ्लॉवरवरील कुटुंबांची यादी लिहून ठेवली. तिच्यात हॉपकिन्सच्या नावामागे त्यांनी आदराची उपाधी लावली आहे, पत्नीचे नाव एलिझाबेथ दिले आहे, जाइल्स व कॉन्स्टन्स ही दोन मुले ‘आधीच्या पत्नीची’ असल्याचे सांगितले आहे, आणि डॅमरिस व समुद्रप्रवासातच जन्मलेला ओशनस ही दोन एलिझाबेथची मुले असल्याचे नमूद केले आहे. एडवर्ड डोटी आणि एडवर्ड लीस्टर हे दोन नोकरही त्याच्याबरोबर होते. ब्रॅडफर्ड यांचे हस्तलिखित दीर्घ काळ बेपत्ता होते. ते लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडले, १८५६ मध्ये प्रथम पूर्ण छापले गेले आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत मिळाले. हॉपकिन्सचा आधी एक संसार होऊन गेला होता, ही सगळ्या शोधाची किल्ली ठरलेली गोष्ट त्या एका यादीमुळे सर्वांसमोर आली.

दुसरा भक्कम कागद म्हणजे त्याचे मृत्युपत्र. ते ६ जून १६४४ चे असून त्याच वर्षी २० ऑगस्टला न्यायालयापुढे शाबीत झाले. त्यात तो मुलगा जाइल्स याला आपला मोठा बैल देतो, जो त्या वेळी मिसेस वॉरन यांच्याकडे होता. त्याच बैलाच्या भाड्यापोटी त्यांच्याकडून येणे असलेले वीस शिलिंग तो जाइल्सचा मुलगा स्टीफन याला देतो. आणि निकोलस स्नो याची पत्नी असलेल्या मुलगी कॉन्स्टन्सला एक घोडी देतो. आजोबा, मुलगा आणि आजोबांचेच नाव धारण करणारा नातू अशा तीन पिढ्या एका बैलाच्या व्यवहारातून निर्विवादपणे जोडल्या जातात. असा कागद हाती लागावा, अशी प्रत्येक वंशसंशोधकाची इच्छा असते. या मृत्युपत्रात धाकटा मुलगा केलेब याला वारस म्हटले आहे. केवळ तेवढेच वाचले तर जाइल्स हा थोरला मुलगा नसावा, असा चुकीचा निष्कर्ष सहज निघेल. ब्रॅडफर्ड यांची यादी शेजारी ठेवली की तो मागे पडतो.

आता बर्म्युडा. २ जून १६०९ रोजी इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून व्हर्जिनियाच्या जेम्सटाउन वसाहतीकडे नऊ जहाजांचा ताफा निघाला. वादळात सापडून त्यातले सी व्हेंचर हे प्रमुख जहाज बर्म्युडाच्या खडकांवर रुतले आणि त्यावरचे सुमारे दीडशे लोक सुखरूप किनाऱ्याला लागले. विल्यम स्ट्रेची यांनी या प्रसंगाचा दीर्घ वृत्तांत लिहिला असून तो लंडनमध्ये १६२५ मध्ये छापला गेला. त्यात स्टीफन हॉपकिन्स नावाच्या एका माणसाची हकीकत येते. त्याला बायबलचे चांगले ज्ञान होते, वादविवादात तो पटाईत होता आणि धर्मोपदेशक रिचर्ड बक यांनी रविवारी स्तोत्रे व अध्याय वाचण्यासाठी त्याला नेमले होते. १६१० च्या जानेवारीत तो सोबत्यांना सांगू लागला की जहाज फुटले त्या क्षणी गव्हर्नरची सत्ता संपली आणि आता कोणावर कोणाचा अंमल राहिला नाही. बंडाच्या आरोपावरून त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. आपल्या पश्चात पत्नी व मुले उघड्यावर पडतील, अशी त्याने कळवळून विनवणी केली आणि कॅप्टन न्यूपोर्ट, स्वतः स्ट्रेची व इतरांनी रदबदली केल्यावर गव्हर्नर सर थॉमस गेट्स यांनी त्याला माफी दिली. बेटावरच्या लाकडातून बांधलेल्या दोन जहाजांतून ही मंडळी १६१० च्या मे महिन्यात जेम्सटाउनला पोहोचली.

हाच माणूस दहा वर्षांनी मेफ्लॉवरवर होता का? तसे थेट म्हणणारा एकही समकालीन कागद नाही, तरी खुणा बोलक्या आहेत. १६२० च्या नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील केप कॉडवर पाहणी करताना वाकवलेली डहाळी आणि तिच्याखाली पसरलेली फळे दिसली, तेव्हा ती हरणे पकडण्याची फासकी आहे हे हॉपकिन्सने ओळखले. मागून आलेल्या ब्रॅडफर्ड यांचा पाय त्यातच अडकला. पुढे समोसेट हा स्थानिक मूलनिवासी वसाहतीत आला, तेव्हा त्याला रात्री हॉपकिन्सच्या घरी ठेवण्यात आले, आणि १६२१ मध्ये सरदार मॅसॅसॉइट याच्या भेटीला एडवर्ड विन्स्लो यांच्याबरोबर हॉपकिन्सलाच पाठवण्यात आले. अमेरिकेच्या रानाशी व तेथील लोकांशी आधीपासून परिचय असलेला माणूस जसा वागेल, तसाच तो वागतो. शिवाय किनाऱ्याला लागण्यापूर्वी जहाजावर काही प्रवासी जमिनीवर उतरल्यावर आपल्यावर कोणाची सत्ता चालणार नाही, असे उघड बोलू लागले आणि म्हणून ११ नोव्हेंबरचा मेफ्लॉवर करार लिहावा लागला. बर्म्युडातील युक्तिवादाशी हे बोलणे इतके जुळते की अनेकांना त्यामागे हॉपकिन्स दिसतो. मला हा मुद्दा मोहक पण दुबळा वाटतो, कारण बोलणारे कोण होते हे कोठेच लिहिलेले नाही.

इंग्लंडात त्याचे मूळ शोधताना दीर्घकाळ ग्लॉस्टरशर परगण्यातील वॉर्टली या गावाकडे बोट दाखवले जात होते. तेथे त्या नावाचे कुटुंब होते, एवढाच त्याचा खरा आधार. त्यातच मुलीचे नाव कॉन्स्टन्स आहे, म्हणजे पहिली पत्नीही कॉन्स्टन्स असली पाहिजे, असा तर्क जोडला गेला आणि ‘कॉन्स्टन्स डडली’ असे पूर्ण नाव वंशावळींत फिरू लागले. त्याला पुरावा नव्हता. एकाने छापले ते दुसऱ्याने उतरवले, आणि छापील पाने वाढली तशी खात्रीही वाढत गेली. हा दोष वंशसंशोधनात आजही सर्वांत घातक आहे, म्हणून त्याची नोंद घेणे आवश्यक वाटते.

१९९८ मध्ये वंशसंशोधक केलेब जॉन्सन यांनी हॅम्पशरमधील हर्सली या खेड्यातील नोंदी प्रसिद्ध केल्या आणि चित्र बदलले. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील विभागाने, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम होता. विंचेस्टरजवळच्या या खेड्याच्या नोंदवहीत स्टीफन हॉपकिन्सच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे सलग आढळतात : मार्च १६०४ मध्ये एलिझाबेथ, ११ मे १६०६ रोजी कॉन्स्टन्स आणि ३० जानेवारी १६०८ रोजी जाइल्स. त्या काळी इंग्लिश वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने मूळ वहीत जाइल्सची नोंद १६०७ खाली येते, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. ९ मे १६१३ रोजी तेथेच आई मेरी हिचे दफन झाले आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या घरातील चीजवस्तूंची यादी करण्यात आली.

या नोंदींचे बळ स्टीफन या नावात नाही. जाइल्स आणि कॉन्स्टन्स ही भावंडांची जोडी, त्यांच्या वडिलांचे नाव स्टीफन, आणि आईचा मृत्यू १६२० पूर्वीचा, या तिन्ही गोष्टी ब्रॅडफर्ड यांच्या यादीशी एकाच वेळी जुळतात. त्याहून महत्त्वाची आहे ती मोकळी जागा. १६०८ च्या जानेवारीनंतर या दांपत्याला मूल झाल्याची नोंद नाही, आणि सी व्हेंचर १६०९ च्या जूनमध्ये निघाले होते. मालमत्तेच्या यादीत तर मेरीला ‘विधवा’ म्हटले आहे. फक्त तो शब्द पाहणारा संशोधक हा कागद बाजूला ठेवून देईल, कारण ज्याची पत्नी १६१३ मध्ये विधवा होती, तो १६२० मध्ये जहाजात कसा चढेल? पण नवरा चार वर्षे समुद्रापार असेल आणि गावात त्याची काहीच खबर नसेल, तर त्याला मेलेला समजणे स्वाभाविक होते. अशा रीतीने जो शब्द ओळखीच्या आड येतो असे वाटते, तोच बर्म्युडाच्या हॉपकिन्सला हर्सलीच्या घराशी जोडतो. बेटावर प्राणांची भीक मागताना त्याने ज्या पत्नी-मुलांचा उल्लेख केला, ती हीच असावीत, असे मला वाटते.

याच्या तुलनेत पुढचे दोन दुवे कमी बळकट आहेत. लंडनजवळच्या व्हाइटचॅपल येथे १९ फेब्रुवारी १६१८ रोजी स्टीफन हॉपकिन्स व एलिझाबेथ फिशर यांचा विवाह झाल्याची नोंद सर्वसाधारणपणे मान्य केली जाते. वधूचे नाव व काळ जुळतो, पण लंडनच्या परिसरात याच नावाचा दुसरा वर असणे अशक्य नव्हते. अँडोव्हरजवळच्या अपर क्लॅटफर्ड येथे ३० एप्रिल १५८१ रोजी जॉन हॉपकिन्स व एलिझाबेथ विल्यम्स यांच्या मुलाचा झालेला बाप्तिस्मा हा त्याचाच असावा, असे २००४ मध्ये मांडले गेले. परगणा तोच आणि वयही योग्य आहे, तरी या ओळखीमागे ‘बहुधा’ हा शब्द ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

थोरली मुलगी एलिझाबेथ मेफ्लॉवरच्या यादीत नाही. कॉन्स्टन्सला मात्र बारा मुले झाली व ती सर्व हयात असल्याचे ब्रॅडफर्ड लिहितात, आणि आज हॉपकिन्सचे वंशज म्हणवणारे लोक तिच्या, जाइल्सच्या किंवा दुसऱ्या पत्नीच्या मुलींच्या शाखांतून येतात. कॉन्स्टन्स व जाइल्स या दोघांनीही एका मुलाला आजोबांचे नाव दिले. जाइल्सचा मुलगा स्टीफन १६४२ मध्ये जन्मला, त्याने १६६७ मध्ये मेरी मेरिक हिच्याशी लग्न केले, आणि १६७० मध्ये त्यांना झालेल्या मुलाचे नाव पुन्हा स्टीफनच ठेवले गेले. केप कॉडवरच्या गावांतील अशा नोंदींत एकाच नावाच्या माणसांना ‘थोरला’ व ‘धाकटा’ म्हणत, पण त्याचा अर्थ बाप-लेक असाच होत नसे. गावातील वयाने मोठा तो थोरला, आणि तो वारला की काल धाकटा असलेला आज थोरला होई. म्हणून तेथे प्रत्येक खरेदीखतात पत्नीचे नाव काय दिले आहे आणि जमिनीच्या चतुःसीमेला कोणाचे शेत लागते, हे वाचूनच स्टीफन हॉपकिन्स वेगळे करावे लागतात.