घरभाडे आणि करबदल (खान्देश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत खाजगी घरमालकाच्या भाड्याशी तीन करांचा संबंध येतो : केंद्राचा आयकर, गाळे-गोदामांच्या भाड्यावरील जीएसटी आणि महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टी. २०१७ नंतर पहिल्या दोन करांचे नियम वारंवार बदलले. मात्र त्याचा परिणाम सगळ्या मालकांवर सारखा झाला नाही. शिलकीतून वरचा मजला चढवून दोन खोल्या भाड्याने देणारा निवृत्त माणूस बहुधा करातून सुटला. पगारावरचा कर वाचावा म्हणून कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्याचे गणित मात्र मोडले.

भाडेकरू गावागणिक वेगळे. भुसावळात रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरच्या वीज केंद्राचे कर्मचारी. जळगावात औद्योगिक वसाहतीतले कामगार आणि विद्यापीठ व क्लासेससाठी आलेली मुले. शिरपूर, अमळनेर, शहाद्याला विद्यार्थी. नंदुरबार-दोंडाईच्याच्या मिरची व्यापाराला आणि रावेर-सावद्याच्या केळीच्या धंद्याला गोदामे व मोकळ्या जागा लागतात. यांपैकी मोकळ्या जागेचे भाडे ‘घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या सदरात येत नाही. ते ‘इतर स्रोतां’त धरले जाते आणि त्यावर पुढे दिलेली ३० टक्के वजावट मिळत नाही. शेतजमीन शेतीसाठीच खंडाने दिली असेल तर तो खंड शेतीचे उत्पन्न ठरतो व करमुक्त असतो. तीच जमीन क्रेट ठेवायला किंवा ट्रक उभे करायला दिली तर ही सूट जाते.

घराच्या भाड्याची आयकरातली आकडेमोड साधी आहे. वर्षभराच्या भाड्यातून मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करायची. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजा करायचे आणि शेवटी कर्जाचे व्याज. महिना ९,००० रुपये भाडे म्हणजे वर्षाचे १,०८,०००. घरपट्टी ६,००० गेली की १,०२,०००. त्याचे ३० टक्के, म्हणजे ३०,६०० गेले की ७१,४००. कर्ज नसेल तर करासाठी धरायचा आकडा हाच. ३० टक्क्यांसाठी बिले लागत नाहीत. पण म्हणूनच स्लॅबचे वॉटरप्रूफिंग, बोअरची मोटर, उन्हाळ्यातले टँकर, दलाली यांतला एकही खर्च वेगळा मागता येत नाही. एखाद्या वर्षी दुरुस्तीला लाखभर गेला तरी वजावट ३०,६००च. फ्लॅट रिकामा राहिलेल्या महिन्यांचे भाडे मात्र धरावे लागत नाही. बुडालेले भाडेही ठराविक अटी पाळल्यास वगळता येते. पुढे ते वसूल झाले तर त्या वर्षीच्या उत्पन्नात येते, तेव्हाही ३० टक्के वजा होतात.

कर्ज काढून भाड्यासाठी फ्लॅट घेण्यामागचे खरे गणित व्याजाचे होते. वरच्याच फ्लॅटवर वर्षाला २,५०,००० व्याज जात असेल तर १,७८,६०० रुपयांचा तोटा दिसतो. २०१७ पूर्वी असा तोटा कितीही असला तरी पगारातून वजा करता येई. २०१७ च्या वित्त कायद्याने त्यावर वर्षाला २ लाखांची मर्यादा घातली. उरलेला तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण फक्त घरभाड्याच्या उत्पन्नासमोर. जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराचे या १,७८,६०० मुळे उपकरासह सुमारे ५५,७०० रुपये अजूनही वाचतात. नव्या पद्धतीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. एका घराचा तोटा दुसऱ्या घराच्या भाड्यासमोर तेवढा चालतो. २०२३–२४ पासून नवी पद्धत हीच मूळ पद्धत आहे, जुनी हवी असेल तर निवडावी लागते. नोकरदाराला हा पर्याय दरवर्षी आहे, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. उशीर झाला की नवीच पद्धत लागू. धंदेवाल्याला फॉर्म १०-आयईए भरून बाहेर पडावे लागते आणि नव्या पद्धतीत परतण्याची संधी एकदाच मिळते. चूक सर्वाधिक इथेच होते : बँकेचा व्याजाचा दाखला आणून ठेवलेला असतो आणि विवरणपत्र नव्या पद्धतीत गेलेले असते.

२०२५–२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो; नोकरदार व निवृत्तिवेतनधारकाला ७५,००० ची प्रमाणित वजावट वेगळी. ४,५०,००० निवृत्तिवेतन आणि वरच्या हिशेबाचे ७१,४०० भाडे असलेल्या माणसाचे उत्पन्न ४,४६,४०० होते, कर नाही. पण ही सवलत कड्यासारखी आहे : मर्यादा ओलांडली की कर एकदम लागतो. १२,७५,००० पगार असलेल्याला कर शून्य. त्यात तेच ७१,४०० मिळवले की उत्पन्न १२,७१,४०० आणि कर उपकरासह सुमारे ७३,५००. हातात पडलेल्या १,०२,००० पैकी २८,५०० उरतात. त्यावर कर्ज असते तर व्याजाने भाड्याचे उत्पन्न शून्यावर आले असते आणि कर लागला नसता. नव्या पद्धतीत व्याजाचा उपयोग पगाराला नसला तरी भाड्याला आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आणखी एक बदल कायद्यात न लिहिता झाला. नव्या पद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट नसल्याने नोकरदार भाडेकरूला पावतीची निकड राहिली नाही. जुन्या पद्धतीतल्या भाडेकरूला मात्र वर्षाचे भाडे १ लाखावर गेले की मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो द्यायला टाळाटाळ करणारा मालक आणि पावतीसाठी अडून बसलेला भाडेकरू हे भांडण म्हणून कमी होत चालले आहे.

भाडे कोणाच्या हातात पडते याला महत्त्व नाही. कर मालकाला लागतो. खान्देशात वडिलांच्या नावावरचे जुने घर वारसनोंद न करता एक भाऊ सांभाळतो, भाडे त्याच्याच खात्यात जाते आणि नोटीसही त्यालाच येते. सिटी सर्व्हेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर हिस्से निश्चित असतील तर प्रत्येक भावाने आपापला हिस्सा दाखवायचा. बायकोच्या नावावर घर असले तरी पैसे नवऱ्याने दिले असतील तर भाडे नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. पुण्यात नोकरी आणि गावी बंद घर असणाऱ्यांना २०१९–२० पासून दिलासा आहे : दोन घरे ‘स्वतःच्या राहण्याची’ म्हणून शून्य धरता येतात. तिसरे रिकामे असले तरी त्याचे मानीव (मिळाले असे धरलेले) भाडे मोजावे लागते.

गाळ्यांचा भार वेगळा. राहण्याचे घर भाडेकरूने राहण्यासाठी घेतले तर जीएसटी नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या संस्थेने घेतले तर १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के कर मालकाऐवजी त्या संस्थेनेच उलट पद्धतीने (रिव्हर्स चार्ज) भरायचा. वसतिगृह किंवा कॉट बेसिसवर दरडोई महिना २०,००० पर्यंत आणि सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामाला १५ जुलै २०२४ पासून सूट आहे. खान्देशातल्या मुलांच्या खोल्यांचे दर या मर्यादेच्या आसपासही नाहीत. दुकानाचा गाळा नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिला तर १० ऑक्टोबर २०२४ पासून कर व्यापाऱ्याकडे आला. महिना २५,००० भाड्यावर ४,५००. करपात्र मालाचा व्यापारी ते परत घेतो, जीएसटी नसलेल्या मालापुरते ते परत मिळत नाहीत. आपसमेळ (कंपोझिशन) योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठराविक दराने जीएसटी भरणाऱ्या दुकानदारांना १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळले. तोवरच्या तीन महिन्यांत ‘भाड्यातून कापा’ अशी ओढाताण झाली, कारण करारात कराचा उल्लेखच नसे. मालकाची नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. ती मोजताना करमुक्त घरभाडेही धरतात : गाळ्यांचे १४ लाख आणि खोल्यांचे ७ लाख असलेला मालक मर्यादेबाहेर जातो. गोदामवाल्याने आणखी एक फरक पाहावा. शेतमाल साठवून देण्याची सेवा करमुक्त आहे. गोदाम किल्लीसह व्यापाऱ्याच्या ताब्यात देणे ही भाड्याची सेवा ठरते, आत मिरची असो वा सिमेंट.

बँका व कंपन्या गाळ्याच्या भाड्यातून १० टक्के कर कापतात. त्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २.४ लाखांऐवजी महिना ५०,००० झाली, त्यामुळे छोट्या गावातल्या एटीएमच्या गाळ्याची कपात बहुधा थांबली. कपात थांबली म्हणजे कर संपला नाही. करदेणे १०,००० वर गेले तर आगाऊ कर भरावा लागतो. धंदा नसलेले ज्येष्ठ नागरिक यातून मुक्त आहेत.

घरपट्टी हा सर्वांत जुना आणि मालकाला सर्वाधिक टोचणारा कर. महापालिकेत वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरवतात. भाडेकरू असल्याची नोंद झाली की हे मूल्य प्रत्यक्ष भाड्याकडे सरकते, म्हणून पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यापुढे भाडेकरू ‘पाहुणे’ होतात. ही चलाखी नोंदणीकृत करार दाखवताच उघडी पडते. थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती (दंड) चढते, म्हणून बरेच जण ती माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट पाहतात. आयकरात वजावट घरपट्टी ज्या वर्षी भरली त्या वर्षी मिळते, मग ती मागच्या पाच वर्षांची का असेना. मात्र शास्ती त्यात धरायची नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नवा कर लागल्यास त्या रकमेपुरती भाडेवाढ करता येते, पण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये करारात लिहिलेले तेच चालते. तो नोंदवणे मालकाची जबाबदारी आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के : ६,००० भाडे आणि २०,००० अनामत असेल तर सुमारे १७० रुपये, शहरात नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. करारात घरपट्टी कोणाची, जीएसटी भाड्यात धरला की वेगळा, हे दोन ओळींत लिहावे. २०,००० किंवा त्याहून अधिक अनामत रोखीने घेऊ नये. तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

विक्रीच्या वेळचा नियम २३ जुलै २०२४ ला बदलला : २४ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर, खरेदी किंमत महागाईनुसार न वाढवता, १२.५ टक्के कर. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब महागाई धरून केलेला जुना २० टक्क्यांचा हिशेब तुलनेसाठी धरू शकतात. २०१०–११ मध्ये १० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५–२६ मध्ये ३० लाखांना विकला तर नव्या हिशेबाने कर २.५० लाख, महागाई निर्देशांकाने (१६७ वरून ३७६) खरेदी किंमत सुमारे २२.५१ लाख होते आणि कर सुमारे १.५० लाखांवर येतो. भाव सावकाश चढणाऱ्या गावांत हा जुना हिशेबच फायद्याचा ठरतो. २३ जुलै २०२४ किंवा त्यानंतर घेतलेल्या फ्लॅटला तो मिळणार नाही.