ब्रेकची चिरचिर थांबली, तेव्हाच सावध व्हायचं होतं

महिनाभर ब्रेक दाबला की चाकातून बारीक, कानात घुसणारी किंकाळी यायची. मग ती आपोआप बंद झाली. गाडीचा मालक खूश. पुढे थोड्याच दिवसांत लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर सुरू झाली आणि ब्रेकच्या पेडलमधून ती तळपायालाही जाणवू लागली. मेकॅनिकला यात नवल वाटत नाही, कारण बहुतेक वेळा घटना याच क्रमाने घडतात.

डिस्क ब्रेकची रचना तशी साधी आहे. चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते ब्रेक पॅड, आणि ही चिमटी आवळतो तो कॅलिपर. पॅडच्या मागे पोलादी पट्टी असते आणि तिच्यावर घर्षणाचा मसाला बसवलेला असतो. नव्या पॅडवर त्याची जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटर भरते. मसाला २-३ मिलिमीटर उरला की पॅडला लावलेली एक छोटी वाकडी पत्ती डिस्कला टेकते. ती किंकाळी या पत्तीचीच, आणि मुद्दाम योजलेली. तिच्याकडे काणाडोळा केला तर पत्ती झिजते किंवा मोडते, आणि आवाज थांबतो. मसाला मात्र झिजतच राहतो. तो संपला की पोलादी पट्टी थेट डिस्कला भिडते आणि खरखर सुरू होते.

धातूवर धातू घासण्याची ही कटकट डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांच्या ब्रेकमध्ये तांब्याचे पॅड होते आणि ते भयंकर किंचाळायचे. पुढे ॲस्बेस्टॉसचं अस्तर आलं, आवाज कमी झाला. पण त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरल्याने बहुतेक ठिकाणी तेही मागे पडलं.

खरखर नुसती कानाला त्रास देऊन थांबत नाही. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे ४,६०,००० जूल ऊर्जा असते. लिटरभर गार पाण्याला उकळी आणून वर शिल्लक राहील एवढी. गाडी थांबताना यातली बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. मसाला ही उष्णता मागे फारशी जाऊ देत नाही. तो नसला की ती पोलादी पट्टीतून पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथून, पेडलचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलकडे पोचते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही.

पण प्रत्येक खरखर म्हणजे संपलेले पॅड नव्हेत. माझ्या मते आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे आधी पाहावं. रात्री पाऊस पडला किंवा गाडी धुऊन उभी केली, की डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. सकाळचे पहिले चार-सहा ब्रेक खरखरतात, मग सगळं शांत. यात काळजीचं काही नाही. विजेच्या गाड्यांत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते, पॅड क्वचितच डिस्कला लागतात, त्यामुळे तिथे गंज जास्त दिसतो. ब्रेक न दाबताही आवाज येत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या झाकणात खडा अडकलेला असू शकतो, किंवा ते झाकणच वाकलेलं असतं. वेगाबरोबर वाढणारी आणि वळण घेताना बदलणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरून कर्रकर्र झालं, तर ते एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, नेहमीचं काम.

एका ठिकाणी मीही फसलो आहे. चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड जाडजूड दिसला आणि मी निर्धास्त झालो; आतला पार संपला होता. अनेक गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. त्या पिना जाम झाल्या की सगळा भार आतल्या पॅडवर येतो. चाक काढल्याशिवाय निदान पुरं होत नाही, आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून ते काम करायचं नाही. खाली भक्कम स्टँड हवाच.

पॅड बदलायचे ते एका ॲक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या, दोन्ही चाकांचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबताना गाडी एकीकडे ओढू शकते. डिस्कवर खोल चरे पडले असतील तर तिची जाडी मोजावी. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर डिस्क बदलायचीच. पुरेशी जाडी असेल तर लेथवर घासून घेता येते. पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावावं, पण त्याचा थेंबही पॅडच्या तोंडावर पडू देऊ नये. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, तिकडे लक्ष हवं. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं. हे विसरलं तर पहिला ब्रेक पोकळ जातो.

नवे पॅड डिस्कवर नीट बसायला थोडं अंतर जावं लागतं. तोवर हलकी कुरकुर चालेल. पण पत्रा घासल्यासारखाच आवाज राहिला, तर आधी ते पत्र्याचं झाकण पाहावं. काम करताना हाताच्या धक्क्याने ते पुष्कळदा वाकतं, आणि बोटांनी जरा मागे ओढलं की जागेवर येतं.