माटोळीच्या फोटोंत लपलेली एक ओळ

आमच्या गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, देवाच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधतात तेव्हा तिच्यात नारळ, सुपारीचे घड, आंबाडे यांच्या शेजारी कवंडाळ हे रानफळही लटकते. रंगाने लालभडक, पण ते तोंडात घालायचे नाही, हे आमच्याकडच्या पोरांना आधीच बजावलेले असते. गेल्या वर्षी फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावरच्या मंडळाने माटोळीची स्पर्धा ऑनलाइन घेतली. संकेतस्थळ मी बांधून दिले होते. फोटो निवडा, बटण दाबा, झाले.

निकालाच्या दिवशी फोटोंचे फोल्डर उघडले आणि एक फाइल डोळ्यांत खुपली. बाकीचे फोटो तीन-चार एमबीचे, ही जेमतेम दोनशे बाइट्सची. नाव ‘माटोळी.जेपीजी.पीएचपी’. जेपीजी हा फोटोच्या फाइलचा प्रकार, तर पीएचपी ही संकेतस्थळाचे प्रोग्राम लिहायची भाषा. आत एकच ओळ होती: पत्त्यासोबत जो हुकूम येईल तो सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ ज्या संगणकावर असते त्यावर, चालव. नावात ‘जेपीजी’ कुठेतरी आहे ना, एवढेच मी तपासले होते. त्याच सर्व्हरवर शंभरेक घरांचे फोन नंबर होते. ती रात्र मी झोपलो नाही.

अशा फाइलला वेब शेल म्हणतात. तिची ताकद कळायला सर्व्हरची एक सवय कळावी लागते. फोटो मागितला की सर्व्हर तो जसाच्या तसा पाठवतो. पण मागितलेल्या फाइलच्या नावाचा शेवट ‘पीएचपी’ असेल, तर तो ती पाठवत नाही, चालवतो, आणि जे उत्तर निघेल ते पाठवतो. म्हणजे फाइल चढवणाऱ्याने नंतर नुसता तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा. पुढचे काम आपलाच सर्व्हर त्याच्यासाठी करतो. डेटाबेसचा पासवर्ड वाचणे, इतर फाइली पुसणे, सगळे.

ब्राउझरमधून फाइल पाठवण्याची रीत झेरॉक्स कंपनीच्या नेबेल आणि मॅसिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली. आजही फॉर्ममधून फाइल जाते ती त्याच पद्धतीने: आधी फाइलचे नाव, मग तिचा प्रकार, मग खुद्द मजकूर. यातले नाव आणि प्रकार दोन्ही पाठवणाराच लिहितो. मुरगाव बंदरात उतरणाऱ्या पेटीसोबत मालाचा कागद येतो, तोही माल पाठवणाऱ्यानेच भरलेला असतो. म्हणून कस्टमवाले हवी तेव्हा पेटी उघडतात. ‘फक्त फोटोच निवडा’ अशी अट पानावर घातली तरी ती प्रामाणिक माणसाच्या सोयीपुरती. हल्लेखोराला आपले पान उघडायचीही गरज नसते, तो थेट सर्व्हरशी बोलतो.

फाइलवरच नव्हे, तर सर्व्हरकडे जाणाऱ्या संपूर्ण मागणीवरही ‘प्रकारा’चा असाच एक रकाना असतो. त्यानेच एकदा केवढा अनर्थ घडवला! मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या संकेतस्थळे बांधण्याच्या सॉफ्टवेअरमधला एक दोष जाहीर झाला. आलेली फाइल उलगडणारा त्याचा भाग प्रकाराच्या जागी भलताच मजकूर दिसला की चूक झाल्याचा संदेश तयार करायचा, आणि तो तयार करताना त्या मजकुरातले सूत्र आज्ञा समजून चालवायचा. फाइल साठवली जाण्याआधीच, नुसत्या लेबलामुळे, सर्व्हर हातचा जायचा. दुरुस्ती लगेच आली होती. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने ती वेळेत बसवली नाही आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. अपलोडचा धोका फाइलच्या आतच असतो असे मी तोवर समजत होतो. तिला हाताळणारे सॉफ्टवेअर जुने राहिले तर तेही तितकेच घातक.

मग पेटी उघडायची कशी? जेपीजी फाइलचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५ असतात. पीएनजी हा चित्राचा दुसरा प्रकार १३७ ने सुरू होतो, मग ‘पीएनजी’ ही तीन अक्षरे. फाइली दाबून बांधणाऱ्या झिपच्या सुरुवातीला ‘पीके’, म्हणजे ती पद्धत बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरे. हे बाइट तपासावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. जेपीजीमध्ये टीप लिहिण्यासाठी जागा असते. तिथे पीएचपीची ओळ घातली तरी फोटो फोटोच राहतो, नीट उघडतो, सुंदर दिसतो. कवंडाळच!

यावर मला सर्वांत भावलेला उपाय म्हणजे फोटो नव्याने घडवणे. आलेल्या फाइलमधून फक्त रंगांचे ठिपके वाचायचे आणि त्यांतून आपली नवी फाइल लिहायची. टिपा सोबत उचलल्या नाहीत की त्यांत दडवलेल्या ओळी गळून पडतात. मोबाइलने फोटोत नोंदवलेले अक्षांश-रेखांशही त्याच चाळणीत जातात, नाहीतर माटोळीबरोबर घराचा नेमका पत्ताही जगाला कळला असता.

पण ठिपके वाचणारे सॉफ्टवेअरही फसते. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिक या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात असा दोष उघड झाला, की फोटोच्या नावाने आलेल्या मजकुरातले हुकूम ते सर्व्हरवर चालवत होते. म्हणून हे काम वेगळ्या, कमी अधिकारांच्या कप्प्यात करावे आणि मोजकेच प्रकार स्वीकारावेत. आकारही आधी बघावा. ३०,००० गुणिले ३०,००० ठिपक्यांचे एकरंगी चित्र दाबून काही एमबीत मावते, पण उलगडले की एका ठिपक्याला चार बाइट धरून ३.६ जीबी मेमरी खाते. ‘४२.झिप’ ही कुप्रसिद्ध फाइल ४२ केबीची, आणि थरावर थर उलगडले तर ४.५ पेटाबाइट, म्हणजे ४५ लाख जीबी!

साठवणीचा भाग सोपा आहे, तरी तोच सर्वाधिक विसरला जातो. पाठवणाऱ्याने दिलेले नाव टाकून द्यावे आणि आपले नाव द्यावे, अंदाज न बांधता येणारे. फोल्डर असे असावे की त्यातले काहीही चालवले जाणार नाही. फाइली दाखवायच्या त्या वेगळ्या डोमेनवरून. गूगल यासाठी ‘गूगलयूजरकंटेंट’ हे वेगळे नाव वापरते. कारण एसव्हीजी या मजकुराच्या रूपात लिहिलेल्या चित्रात जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम, लपू शकते, आणि ती बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालली तर निदान मूळ संकेतस्थळावरचे त्याचे लॉगिन तिच्या हाती लागत नाही.

आपल्या गोव्यात मला खरी काळजी वाटते ती होमस्टेवाल्यांची. पाहुण्यांचे आधार आणि पासपोर्ट त्यांच्याकडे रोज येतात. ते संकेतस्थळावर १, २, ३ अशा नावांनी साठवले, तर आकडा बदलून कोणीही पुढच्या पाहुण्याचा पासपोर्ट बघू शकतो. तिथे हल्लेखोराला काही चढवावेच लागत नाही. अशी प्रत्येक फाइल देण्याआधी मागणारा कोण आहे, हे सर्व्हरने विचारायलाच हवे.

यंदा चवथीच्या आदल्या रात्री मीच तसली एक फाइल चढवून पाहिली. नावाच्या शेवटी पीएचपी, म्हणून ती दारातच अडली. मग खऱ्या फोटोच्या टिपेत तीच ओळ घालून पाठवली. फोटो आत गेला. साठवलेली प्रत मी उतरवून घेतली आणि तिच्यात ती ओळ शोधली. सापडली नाही. फोटोत आमच्या काकूची माटोळी होती, कवंडाळासकट.