राणे, राम राघोबा

राणे, मेजर राम राघोबा : (२६ जून १९१८ – ११ जुलै १९९४). परमवीर चक्राचे मानकरी, भारतीय भूसेनेच्या बॉम्बे सॅपर्समधील अधिकारी. मूळ गाव कारवारजवळचे चेंडिया. वडील पोलीस खात्यात असल्याने बदल्या होत आणि शाळा तुटकतुटकच झाली.

१९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजेच बॉम्बे सॅपर्समध्ये, शिपाई म्हणून भरती झाले. या दलाचे ठाणे पुण्याजवळ खडकीला. फौजेच्या पुढे जाऊन पूल बांधणारे, रस्ते करणारे, सुरुंग पेरणारे नि उपसणारे असे हे सैनिक. जुन्या मराठीत ‘सफरमैना’. दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशाच्या आराकान आघाडीवर होते. माघारीच्या वेळी बुथिडाँग येथील साठे उडवून देण्यासाठी त्यांच्या तुकड्या मागे ठेवल्या होत्या. न्यायला येणारी बोट आलीच नाही, तेव्हा जपानी गस्त चुकवून त्यांनी माणसांसह नदी ओलांडली. त्याबद्दल हवालदारपद मिळाले. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले.

एप्रिल १९४८. काश्मीरवरून पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात नौशेराहून राजौरीकडे भारतीय सैन्य निघाले, पण चिंचोळ्या डोंगरी रस्त्यावर जागोजाग सुरुंग आणि आडवे पाडलेले पाइन वृक्ष होते. रणगाडे पुढे न्यायचे तर आधी वाट मोकळी करणे भाग होते. ८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास नादपूर दक्षिण येथे उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राणे यांच्या पथकातील दोघे ठार झाले, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे. मांडीला मलमपट्टी करून त्यांनी काम पुन्हा जुंपले. बरवाली कडा सर झाल्यावर रात्री दहापर्यंत, मशीनगनच्या माऱ्यात, रणगाड्यांसाठी वळणवाट खणणे चालू होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा तेच. रणगाड्याखाली सरपटत राणे सुरुंग शोधत आणि दोरी ओढून चालकाला थांबण्याची वा पुढे सरकण्याची खूण करत, असे सांगतात. पुढे रस्त्याखालची एक मोरीच उडवलेली होती; तिला वळसा काढला. मग पाच मोठे पाइन आणि भोवती सुरुंगांचे कडे. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला त्याला हात घातला आणि साडेसहापर्यंत वाट मोकळी केली. त्यानंतर मोगलकालीन सराईचे चिंगस. तिथूनही पुढे रस्ता करणे होतेच. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

परमवीर चक्राचे त्यांचे मानपत्र वाचताना एखाद्या बांधकाम मुकादमाची वही वाचल्यासारखे वाटते: इतक्या वाजता झाड, इतक्या वाजता मोरी. त्यांचे शौर्य या कामातच होते. २१ जून १९५० रोजी जाहीर झालेल्या पहिल्या पाच मानकऱ्यांपैकी त्या वेळी हयात असलेले दोघेच, लान्सनायक करमसिंग आणि राणे. पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची, हा आणखी एक मराठी धागा.

१९६८ साली ते मेजर पदावरून निवृत्त झाले; पुनर्नियुक्तीनंतर १९७१ साली सेवा संपली. पुण्यात त्यांचे निधन झाले. एका तेलवाहू जहाजाला आणि २०२३ साली अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे.