क्रोमियम एकच, माणिक लाल आणि पाचू हिरवा

पाचू शंभर टक्के शुद्ध असता तर हिरवा नसता. तो बेरिल या खनिजाचा प्रकार. बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं निव्वळ बेरिल बिनरंगी असतं. स्फटिक घडताना ॲल्युमिनियमच्या काही जागा क्रोमियम किंवा व्हॅनेडियमने घेतल्या की तो हिरवा होतो. त्यासाठी वजनाने एक टक्क्याहून कमी क्रोमियमही पुरतं.

पण माणकाचा लाल रंगही याच क्रोमियमचा! माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. तिथेही क्रोमियम ॲल्युमिनियमच्याच जागी, सहा ऑक्सिजन अणूंच्या मध्ये बसतं. फरक आहे तो त्या ऑक्सिजनच्या पकडीत. माणकात ती घट्ट असते, त्यामुळे क्रोमियमच्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर जायला जास्त ऊर्जा लागते. जांभळा आणि हिरवा-पिवळा प्रकाश शोषला जातो, लाल उरतो. पाचूत पकड जरा सैल. शोषणाचा पट्टा नारिंगी-लाल भागाकडे सरकतो आणि हिरव्याला वाट मिळते. म्हणून ‘हिरवा रंग क्रोमियममुळे’ एवढंच सांगणं मला अपुरं वाटतं. शेजारचे अणूही तेवढेच महत्त्वाचे.

याचा सर्वांत देखणा पुरावा म्हणजे ॲलेक्झांड्राइट हे रत्न. त्यातल्या क्रोमियमभोवतीची ही पकड माणिक आणि पाचू यांच्या मधली असते, म्हणून हिरवा आणि लाल दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच पार होतात. मग दिवसाच्या उजेडात तो हिरवा दिसतो आणि मेणबत्तीच्या लालसर उजेडात लाल.

पेरिडॉट या हिरव्या रत्नाचं तसं नाही. त्याचा रंग लोहाचा, आणि हे लोह उपरं नसून त्या खनिजाच्या घडणीतलंच आहे. त्यामुळे पेरिडॉट पोपटी असेल, शेवाळी असेल, पण लाल किंवा निळा कधीच नसतो. तो पृथ्वीच्या प्रावरणात तयार होतो आणि ज्वालामुखीच्या लाव्हाबरोबर वर येतो. पॅलासाइट नावाच्या उल्कांमध्येही तो सापडतो.

बाकीच्या हिरव्या खड्यांपैकी पूर्व आफ्रिकेतल्या त्साव्होराइटला मुख्यतः व्हॅनेडियम हिरवं करतं, क्रायसोप्रेझला निकेल, मॅलाकाइटला तांबं.

हिरव्या हिऱ्याला मात्र बहुधा कुठलाच परका अणू लागत नाही. आसपासच्या खडकांतल्या युरेनियमसारख्या मूलद्रव्यांचा किरणोत्सार कार्बनचे अणू जागेवरून उडवतो आणि त्या रिकाम्या जागा लाल प्रकाश शोषतात. ड्रेस्डेन शहरातला सुमारे 41 कॅरटचा प्रसिद्ध हिरवा हिरा असाच घडला. हाच परिणाम आज प्रयोगशाळेतही साधता येतो, त्यामुळे हिऱ्याचा हिरवा रंग नैसर्गिक आहे की दिलेला, हे ठरवणं तज्ज्ञांनाही अनेकदा कठीण जातं.